उंदरांना बरं वाटलं होतं म्हणे

दादाने डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "बघ, जपानी आहे. उंदरांवर सिद्ध झालंय." डबीत पांढरी भुकटी, पिठीसाखरेसारखी बारीक, आणि लेबलवर ऑरगॅनिक जर्मेनियम असं छापलेलं. सोबत एक स्टीलचं ब्रेसलेट, त्यात आतल्या बाजूला करडे ठिपके बसवलेले, ते पण म्हणे जर्मेनियमचेच. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, त्याच्या ऑफिसातलं कोणीतरी जपानला जाऊन आलं होतं त्यांच्याकडून मागवलेलं. त्याने एक प्रिंटआउट पण आणला होता, दोन पानं, त्यातल्या एका ओळीवर पिवळा हायलायटर मारलेला: उंदरांना जर्मेनियमचं एक संयुग दिलं आणि त्यांच्यातलं अमायलॉइड कमी झालं. मामांच्या किडनीत हेच अमायलॉइड, म्हणजे बिघडलेलं प्रोटीन, साचलंय असं बायोप्सीत निघालं होतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

मामा कॉटवर बसून चहा पीत होते. पाय सुजलेले, खाली स्टूलवर ठेवलेले. त्यांनी डबी हातात घेतली, चष्मा वर करून लेबल वाचलं आणि म्हणाले, "जर्मेनियम? हे तर एसी-१२८ ट्रान्झिस्टरमध्ये असतंय की. गरम झालं की वाया जातंय."

मामांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. मर्फी, फिलिप्स, बुश, सगळे. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तापला की करंट गळायला लागतो, आवाज फाटतो, आणि मग सगळं सिलिकॉनवर गेलं, हे मला त्यांनीच शाळेत असताना सांगितलेलं. तेव्हा त्या मूलद्रव्याची आमच्या घरात ओळख होती ती अशी, सोल्डरच्या वासातून. ते औषध म्हणून परत येईल असं कोणाला वाटलं असतं.

मी स्वतः डीएमएलटी करून चोवीस वर्षं मिरजेत एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला काढली. म्हणजे डॉक्टरांनी काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर कापायचा, रंगवायचा, आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलवर ठेवायची. निदान करणं माझं काम नाही. पण इतकी वर्षं स्लाइडी रंगवल्यावर डोळ्याला काही गोष्टी कळतातच, त्याला काय करणार. आणि अमायलॉइड ही तर अशी गोष्ट आहे की एकदा बघितली की विसरत नाही.

नेहमीचा सेक्शन, म्हणजे काप, आम्ही तीन-चार मायक्रॉनचा कापतो, पण अमायलॉइडचा संशय असेल तर जाड कापायचा, आठ-दहा मायक्रॉन, नाहीतर रंग पुरेसा दिसत नाही. रंग म्हणजे काँगो रेड. मुळात हा सुती कापडाचा रंग, १८८३ मध्ये जर्मनीत पॉल बॉटिगर नावाच्या केमिस्टने काढला, आणि त्याच सुमारास बर्लिनला आफ्रिकेच्या वाटणीची परिषद भरली होती, पेपरात रोज काँगो काँगो, म्हणून रंगाला ते नाव चिकटवलं. काँगोचा त्याच्याशी काही संबंध नाही. नंतर १९२२ मध्ये बेनहोल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरच्या लक्षात आलं की हा रंग अमायलॉइडला धरून बसतो. साध्या प्रकाशात विटकरी गुलाबी दिसतं, त्यात काय विशेष नाही, पण मायक्रोस्कोपचा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश सोडणारी काच, फिरवला की तेच हिरवं चमकतं, कच्च्या सफरचंदासारखं. खूप सुंदर दिसतं खरं तर. आमच्याकडे नवीन आलेल्या मुली पहिल्यांदा बघितल्यावर "अय्या" म्हणायच्या, आणि मग मॅडम शांतपणे सांगायच्या की ही किडनी आहे बरं का, कोणाची तरी.

अमायलॉइड हे नावच मुळात चुकीचं. अमायलम म्हणजे स्टार्च. १८५४ मध्ये फिरखोव या जर्मन पॅथॉलॉजिस्टने अशा अवयवांवर आयोडीन टाकलं, बटाट्यावर टाकल्यासारखा रंग बदलला, म्हणून त्याला वाटलं हा पिष्टमय पदार्थ आहे. पाच वर्षांत कळलं की नाही, हे प्रोटीन आहे. पण नाव काही सुटलं नाही. शरीरातलं एखादं प्रोटीन चुकीच्या घडीत बसतं, मग एकाला एक चिकटून त्याचे धागे होतात, आणि ते धागे किडनीत, लिव्हरमध्ये, हृदयात नाहीतर मेंदूत साचत जातात. कोणतं प्रोटीन, त्यावर आजार वेगळा. अल्झायमरमधलं वेगळं, म्हाताऱ्या हृदयातलं वेगळं, आणि मामांचं वेगळं.

मामांना तरुणपणी टीबी झाला होता. इंजेक्शनं घेतली, खोकला थांबला तशी मध्येच सोडली, दुकान बंद ठेवून कसं चालेल म्हणून. काही वर्षांनी परत झाला, तेव्हा मात्र कोर्स पुरा केला. टीबी गेला पण छाती कायमची खराब झाली, रोज सकाळी कफ, पावसाळ्यात ताप, वर्षातून तीन-चारदा अँटीबायोटिक. आम्हाला त्या खोकल्याची इतकी सवय झालेली की मामा घरात आहेत का नाहीत ते आम्ही खोकल्यावरून ओळखायचो. आता तो खोकला म्हणजे काय होतं, तर शरीरात तीस-पस्तीस वर्षं सतत पेटलेली आग. अशी आग असली की लिव्हर एसएए नावाचं प्रोटीन सोडतं, जोरात इन्फेक्शन असेल तर नेहमीच्या हजारपट सुद्धा. चार दिवसांचा ताप असेल तर ते वर जातं, खाली येतं, काही बिघडत नाही. पण वर्षानुवर्षं वरच राहिलं तर काही लोकांच्यात त्याचे तुकडे धागे बनून किडनीत बसायला लागतात. याला एए प्रकार म्हणतात. श्रीमंत देशांत तो जास्त करून संधिवाताच्या पेशंटमध्ये दिसतो, आपल्याकडे अजूनही त्याचं मोठं कारण टीबीच आहे, आणि कुष्ठरोगात पण होतो.

आणि मी, जिने शेकडो लोकांच्या लघवीचे रिपोर्ट हातातून सोडले, मी मामांची लघवी कधी एकदा तपासली नाही. फेस येतो असं मामी म्हणाल्या होत्या, दिवाळीत, लाडू वळताना. फेस म्हणजे किडनीतून प्रोटीन गळत असल्याची खूण असू शकते. मी म्हटलं पाणी कमी पीत असतील. असो.

बायोप्सी आमच्याकडे आली नव्हती ते एक बरं झालं. दुसऱ्या शहरात केली. पण रिपोर्ट मी वाचला आणि ते हिरवं मला दिसलंच, न बघता.

तर जर्मेनियम. त्या रात्री दादाशी भांडण नको म्हणून मी डबी ठेवून घेतली, म्हटलं वाचते आणि सांगते. आणि वाचायला लागले तर त्यात अडकलेच, कारण या मूलद्रव्याची गोष्ट भारी आहे. ते सापडायच्या आधीच त्याचा अंदाज केलेला होता. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये मूलद्रव्यांच्या तक्त्यात सिलिकॉनच्या खाली जागा रिकामी सोडली, इथे कोणीतरी येणार, त्याचा अणुभार ७२ च्या आसपास असणार असं सांगून ठेवलं, आणि १८८६ मध्ये जर्मनीत फ्रायबर्गला क्लेमेन्स विंकलरने चांदीच्या खाणीतल्या एका खनिजातून ते काढून दाखवलं. देशाचंच नाव दिलं. मग साठेक वर्षं त्याला फारसं कोणी विचारलं नाही, १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर झाला तो जर्मेनियमवर, आणि तिथून ते मामांच्या दुकानात आलं.

औषधाचा धागा मात्र जपानमधला. काझुहिको असाई म्हणून एक माणूस, तो काही डॉक्टर नव्हता, त्याचं काम दगडी कोळशावरचं. कोळशात जर्मेनियम असतं, त्यातून त्याला वाटायला लागलं की वनस्पतींमध्ये हे आहे म्हणजे त्याचा जिवाला काहीतरी उपयोग असणार. १९६७ मध्ये त्यांच्याकडे पाण्यात विरघळणारं सेंद्रिय जर्मेनियम तयार झालं, जीई-१३२ नावाचं. पुढे जिनसेंगमध्ये आहे, लसणात आहे, फ्रान्समधल्या लूर्दच्या पवित्र पाण्यात आहे, असे दावे होत गेले. आपल्याकडे गोमूत्रात सोनं असतं म्हणतात तसंच काहीसं. माणसाच्या शरीराला जर्मेनियमची गरज असते असं आजपर्यंत कुठेच ठरलेलं नाही.

पण सगळी थापच होती असं मला म्हणवत नाही, तिथेच तर माझी पंचाईत झाली. कारण त्यानंतर जपानमध्ये प्रामाणिक लॅबनी यावर काम केलं. १९८५ मध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांना तोंडाने जीई-१३२ दिलं तर इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंशी लढायला शरीर सोडतं ते प्रोटीन, वाढलं, मॅक्रोफेज म्हणजे शरीरातल्या सफाई कामगार पेशी जाग्या झाल्या. याच पदार्थाचं औषध म्हणून बनवलेलं रूप, प्रोपाजर्मेनियम, जपानने १९९४ मध्ये हिपॅटायटिस बी साठी मंजूर सुद्धा केलं. आणि एए अमायलॉइडचे धागे तयार होण्यात मॅक्रोफेजचा हात असतो, त्यामुळे कोणीतरी हे अमायलॉइडच्या उंदरांना देऊन बघणार हे ओघानेच आलं. दादाची पिवळी ओळ हवेतून पडलेली नव्हती.

मग मी त्या उंदरांच्या मागे लागले. माझी सवयच तशी, स्लाइड आली की आधी विचारायचं, टिश्यू कुठला, कधी काढला, फिक्स कशात केला, कंट्रोल म्हणजे तुलनेचा नमुना कुठाय. कंट्रोल नसेल तर रंग आला काय नि नाही आला काय, त्याला अर्थ नाही.

उंदरात अमायलॉइड आणायचे रस्ते वेगवेगळे आहेत. सगळ्यात जुना म्हणजे केसीन, दुधातलं प्रोटीन, त्याची कातडीखाली रोज इंजेक्शनं द्यायची, दोन-चार आठवडे. ते टोचून टोचून जी आग पेटते तिने एसएए वाढतं आणि प्लीहेत अमायलॉइड साचतं. हे १९२० च्या दशकापासून चालू आहे. घोड्यांचं तर त्याही आधीपासून माहीत होतं, घटसर्पावरचा सीरम बनवायला ज्या घोड्यांना वर्षानुवर्षं विष टोचायचे त्यांच्या लिव्हरमध्ये अमायलॉइड साचून लिव्हर फुटायचं. (आपल्या परळच्या हाफकिनची सापाच्या विषावरचा सीरम घोड्यांच्या रक्तातूनच येतो हे मला कॉलेजात शिकवलं होतं, पण घोड्याच्या लिव्हरचं कोणी बोललं नव्हतं.) मला हे वाचताना मामाच दिसत होते. त्यांना कोणी केसीन टोचलं नाही, त्यांची छातीच रोज टोचत होती.

दुसरा रस्ता क्योटोचा. तिथे तोशिओ ताकेदा यांच्याकडे १९६८ मध्ये अमेरिकेतून एका जातीचे उंदीर आले, त्यातल्या काही पिल्लावळी लवकर म्हाताऱ्या व्हायला लागल्या, केस गळणं, पाठीला बाक, हालचाल मंद. त्यांनी ते फेकून दिले नाहीत, वेगळे वाढवले. साधारण दहा महिन्यांतच म्हातारपण येऊन संपणारे उंदीर, आणि त्यांचीच दुसरी शाखा सोळा महिने जगणारी. पहिल्यांच्यातल्या काहींमध्ये अमायलॉइड आपोआप साचतं, इंजेक्शन न देता. पण ते प्रोटीनच वेगळं आहे, चरबी वाहून नेणाऱ्या कणांमधलं, एपो-ए-टू. त्याचा मामांच्या एसएएशी काही संबंध नाही. काँगो रेडखाली मात्र दोन्ही सारखीच हिरवी. म्हणजे जो म्हणतो "उंदरातलं अमायलॉइड कमी झालं" त्याला आधी विचारायला पाहिजे, कुठलं बाबा?

आणि उंदरांच्यातही गंमत आहे, सीबीए जातीच्या उंदराला केसीनने पटकन अमायलॉइड होतं, ए-जे जातीच्या उंदराला सहसा होतच नाही, सगळं तेच देऊन. घरात एकाला टीबीनंतर किडनी जाते आणि दुसऱ्याला तोच टीबी होऊन काही होत नाही, तसंच.

पण मला खरं अडलं ते वेळेवर. प्रयोगात बहुतेक वेळा औषध कधी सुरू करतात? पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी, किंवा त्याच्याही आधी. आजार कुठल्या तारखेला सुरू होणार हे संशोधकालाच माहीत असतं, कारण तोच तो सुरू करतो. साठा होऊच न देणं आणि झालेला साठा काढणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, स्लाइडवर दोन्हीकडे "कमी" दिसत असलं तरी. गाउटला देतात ते कोल्चिसिन, १९७४ मध्ये दिसलं की केसीनच्या उंदरांमध्ये ते अमायलॉइड रोखतं, आणि भूमध्य समुद्राकडच्या एका आनुवंशिक तापाच्या आजारात माणसांमध्ये पण ते खरंच रोखतं, रोज गोळी घेतली तर किडनी वाचते. तिथे उंदीर आणि माणूस जुळले. पण तो ताप लहानपणापासून माहीत असतो, गोळी आधी सुरू होते. मामांना आम्ही कुठल्या तारखेला सुरू करणार होतो? पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवाळीला?

एप्रोडिसेट नावाच्या औषधाचं वाचून तर मी मोबाइल बाजूला ठेवला. कॅनडातल्या किंग्स्टनच्या किसिलेव्स्की यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं की अशा छोट्या रेणूंनी उंदरातलं एए अमायलॉइड अडतं. बरोब्बर मामांचाच प्रकार. मग माणसांवर चाचणी झाली, १८३ पेशंट, २००७ मध्ये छापून आली, किडनी बिघडण्याचा वेग कमी झाला असं दिसलं. पुन्हा एकदा खात्री करायला मोठी चाचणी घेतली आणि २०१६ मध्ये ती फेल गेली. एकवीस वर्षं. जर्मेनियमच्या वाट्याला तर अमायलॉइडसाठी यातली पहिली पायरी सोडून काही आलंच नाही, आणि डबी मात्र थेट मामांच्या टेबलावर.

यापुढचं वाचलं तेव्हा मात्र मला घाम फुटला. जपानमध्ये ७० च्या दशकात जर्मेनियमचं फॅड आलं तसं बाजारात सगळंच जर्मेनियम म्हणून विकलं जायला लागलं, त्यात जर्मेनियम डायऑक्साइड पण, म्हणजे साधं ऑक्साइड, स्वस्त, कच्चा माल. ते घेणाऱ्यांच्या किडन्या जायला लागल्या. १९८२ पासूनच्या वैद्यकीय नोंदी कोणीतरी १९९७ मध्ये एकत्र केल्या तर किमान ३१ माणसं निघाली, किडनी निकामी, स्नायूंचा अशक्तपणा, काहींचा मृत्यू. त्यांनी दोन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घेतलं होतं, पोटात गेलेलं एकूण जर्मेनियम १५ ग्रॅमपासून ३०० ग्रॅमच्या वर. बंद केल्यावर पण किडनी पूर्ण सुधारत नव्हती. आणि त्या यादीत फक्त डायऑक्साइडवाले नव्हते, सेंद्रिय म्हणवणारे प्रकार घेतलेले पण होते.

फुकुओकाकडच्या डॉक्टरांनी मग तेच केलं जे आधी करायला हवं होतं, उंदीर-घुशींकडे परत गेले. घुशींच्या एका गटाला डायऑक्साइड, दुसऱ्याला जीई-१३२. पहिल्यांच्या किडनीतल्या नळ्यांच्या पेशी खराब झाल्या, दुसऱ्यांच्या तशा झाल्या नाहीत. चांगली बातमी वाटते ना? पण दोन्ही पांढरी भुकटी. दोन्हीवर लेबल जर्मेनियमचंच. एकात दुसरं थोडं मिसळलेलं असलं तर कोण ओळखणार, मी चोवीस वर्षं लॅबमध्ये काढून माझ्या टेबलावरची डबी उघडून बघत होते आणि मला काडीचंही सांगता येत नव्हतं त्यात काय आहे. आणि ही भुकटी कोणाला द्यायची, तर ज्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, एकच्या आसपास असायचं ते आधीच ४.८ आहे त्याला.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. मी सगळं सांगितलं, नीट, आवाज न चढवता. तो बराच वेळ गप्प होता मग म्हणाला, "ठीक आहे, हे नको. मग तुम्ही काय देताय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याला काय उत्तर म्हणायचं. छातीतला कफ रोज सकाळी उताणं-पालथं झोपवून नीट काढायचा, म्हणजे आग जरा तरी कमी राहील. सुजेसाठी लघवीच्या गोळ्या. मीठ कमी. आणि डायलिसिसची तयारी. नेफ्रॉलॉजिस्टने पण तेच सांगितलेलं. दादा म्हणाला, "म्हणजे काहीच नाही." मी म्हटलं, दादा, तसं नाही. तो म्हणाला, "तसंच आहे, तू गोड बोलतेस एवढंच." मला राग आला होता पण फोन ठेवल्यावर वाटलं, त्याने वडिलांसाठी काहीतरी शोधलं तरी, मी फक्त खोडून काढलं. खोडणं बरोबर होतं. तरी पण.

डबी मी सिंकमध्ये ओतणार होते, मग वाटलं नको, पाण्यात कुठे सोडायची, म्हणून टेप लावून कपाटात वर ठेवली. अजून तिथेच आहे.

ब्रेसलेटला मात्र मी काही बोलले नाही. कातडीवर चार ठिपके टेकले म्हणून किडनीला काय होतंय. मामांना ते आवडलं होतं, घड्याळासारखं दिसतं म्हणायचे. तीन महिन्यांनी डाव्या हातात फिस्टुला केला, म्हणजे शीर धमनीला जोडली, डायलिसिसची सुई घालायला, तेव्हा सिस्टरने सांगितलं या हातात घड्याळ, कडं, काही घालायचं नाही, बीपी पण याच्यात बघू द्यायचं नाही. मामांनी ब्रेसलेट काढून उजव्या हातात घातलं. मग उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर धरताना अडकतंय म्हणून ते पण काढलं.

गेल्या रविवारी गेले तर त्यांचा जुना मर्फी उघडून बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र, मागचं झाकण काढलेलं, सांगली आकाशवाणी खरखर करत लागत होती. ब्रेसलेट रेडिओच्या एरियलला अडकवलेलं. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "इथं तरी कामाला येतंय का बघतोय." आणि बोटाने ट्यूनिंग हळूच पुढे सरकवलं.